भिंतीवरचा दादा

रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर आर्यानं जाहीर केलं की छोट्या आजोबांची, म्हणजे मुरलीधरची, सिरीज आली आहे, आणि त्यानं ओठांपाशी नेलेला कप तसाच बशीत ठेवला. समोर बसलेल्या दादाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"बावीस वर्षं हिरोच्या पाठीमागनं चालतोयस तू, मुरल्या," दादा म्हणाला. "कुठवर पोचलास ते आज बघूच. जेवणं झाली की लावा."

दादा, म्हणजे निवृत्त कर्नल रघुवीर जगदाळे, यानं धाकट्या भावाचं आजवर एकही काम पाहिलं नव्हतं. मुरलीधर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला असताना सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्त झाल्यावर बोलावतील त्या दिवशी, पंजाबी सिनेमांतून गर्दीतला माणूस म्हणून उभा राहत असे. बसची वाट पाहणारा, लग्नात जेवणारा, कोर्टात मागच्या बाकावर बसणारा. शेवटी पडद्यावर नावं धावतात, त्यांत दिवे उचलणाऱ्यांची आणि जेवण आणणाऱ्यांचीही नावं असतात; त्याचं कधी नव्हतं. त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. दादानं एकदा बघावं, एवढंच मनात होतं. ते मनातलं पुरं व्हायला नेमका आजचा दिवस उगवला होता.

दुपारी चारला दादाला सेक्टर ३२च्या हॉस्पिटलात दाखल करायचं होतं आणि सोमवारी सकाळी ऑपरेशन होतं. मोठ्या आतड्यातली गाठ. बॅग भरून दारापाशी ठेवलेली होती आणि शोभनावहिनींनी ती सकाळपासून तीनदा उघडून पुन्हा बंद केली होती. त्यांनी दूध निम्म्यावर आणलं होतं आणि दहा दिवसांसाठी पेपर बंद करायला सांगितलं होतं. त्यावरून दादाची आणि त्यांची जुंपलीही होती. आम्ही सगळे तिकडे, तर इथं पेपर वाचणार कोण, हा वहिनींचा सवाल. मी अजून गेलेलो नाही, हे दादाचं उत्तर.

खरी धास्ती गाठीची नव्हती, तारखेची होती. पहिली तारीख फेब्रुवारीत मिळाली होती. निघायच्या वेळी देवघरातली समई कशानं तरी कलंडली आणि वहिनी उंबऱ्यातच बसून राहिल्या. आज नको म्हणाल्या, आणि मग कुणाचंच चाललं नाही. दोन महिने गेले. परवा डॉक्टरीणबाईंनी संग्रामला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की गाठ वाढलेली आहे, आता पुढं ढकललंत तर काढण्यासारखी राहीलच याची खात्री नाही. संग्राम, दादाचा मुलगा, मोहालीतला फ्लॅट सोडून दोन दिवस मुक्कामालाच आला होता. आजीला एकटं सोडायचं नाही, असं त्यानं आपल्या मुलीला, आर्याला, बजावलं होतं. काही फुटू नये म्हणून काचेचे ग्लास वरच्या फळीवर गेले होते. समईला तर आर्यानं चक्क विटांचा आधार दिला होता.

आणि मुरलीधरला एकट्याला माहीत होतं, की तिसऱ्या भागात दादा मेलेला आहे.

ते असं झालं होतं. गेल्या नोव्हेंबरात डेराबस्सीच्या पुढं एका कोठीत, म्हणजे ऐसपैस बंगल्यात, शूटिंग होतं. प्रसंग नायिकेच्या वडिलांच्या तेराव्याचा. भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो हवा होता, आणि कलाविभागानं आणलेला फोटो दिग्दर्शकाला पसंत पडेना. माणूस फौजी दिसला पाहिजे, करारी दिसला पाहिजे. मुरलीधरचाच फोटो काढून लावू, असं कुणीतरी सुचवलं. पण तो शोक करणाऱ्यांच्या गर्दीत आधीच दिसून चुकला होता, आणि गर्दीत दिसलेला चेहरा भिंतीवर चालत नाही. तेव्हा माणसं पुरवणारे सोढीजी त्याच्याकडे आले. अंकलजी, तुम्हारे भाईसाब तो कर्नल हैं ना? एक फोटो दे दो. अगली बार डायलॉग पक्का.

बावीस वर्षांत मुरलीधरला एक वाक्य मिळालं नव्हतं. 'आइए जी' नाही, 'नहीं जी' नाही. त्यानं मोबाईलमधला फोटो काढून दिला. ब्लेझर घातलेला, मिशीला पीळ भरलेला दादा. लांबवर, धूसर, पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसेल, असं त्यानं मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी सेटवर गेला, तर दारासमोरच्या भिंतीवर दादा. तीन फूट उंच, गळ्यात चंदनाचा हार, पुढं तेवणारी पणती.

जानेवारीत दादाला पहिल्यांदा रक्त पडलं. शकुन-अपशकुन मानणाऱ्यांतला मुरलीधर नव्हता, पुस्तकांत आयुष्य गेलेलं. पण त्या रात्रीपासून त्यानं हिशेब मांडला होता, हार नोव्हेंबरात, रक्त जानेवारीत. आणि तो हिशेब त्याला कुणाला दाखवता येत नव्हता.

जेवणं लवकर उरकली. दादाला डॉक्टरांनी पातळ खिमटच सांगितलं होतं. ते बघून बाकीच्यांनाही घास गिळवेना. रागिणीआक्का, दोघा भावांची मधली बहीण, आठवड्यापूर्वी साताऱ्याहून आली होती आणि आल्यापासून एकच धोशा लावून होती, की हे ऑपरेशन पुण्याला आपल्या माणसांत व्हायला हवं होतं. आजवर आक्का आणि वहिनी एका वाक्यावर कधी एक झाल्या नव्हत्या. पण गुरुवारी दोघींनी मिळून उपास केला होता, आठवडाभर मिळून भाजी निवडत होत्या, आणि ते बघून संग्राम धास्तावला होता. या दोघी एक झाल्या तर आपलं काही खरं नाही, असं तो काकाला जिन्यात म्हणालासुद्धा.

मुरलीधरनं आर्याला स्वयंपाकघरात गाठलं. दोघं पाठमोरे सिंकपाशी उभे राहिले. या घरात गुपित बोलायचं तर पाठमोरंच बोलावं लागे. तोफखान्यात तीस वर्षं काढलेल्या दादाचे कान कधीच गेले होते, आणि मशीन लावायला तो तयार नव्हता. तो समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखे. हॉलच्या पलीकडच्या टोकाला कुजबुजलेलं, ओठ दिसले की त्याला कळे.

सगळं ऐकून आर्यानं नळ सुरू केला, बंद केला.

"छोटे आजोबा, ये आपने क्या किया," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "दादी ने देख लिया तो आज कोई कहीं नहीं जाएगा।"

मग तिनंच तोड काढली. दोन भाग दाखवायचे, दोन्ही अर्ध्या अर्ध्या तासाचे. दुसरा संपला की ती गुपचूप राउटर बंद करील. तोवर दोन वाजतील, आजोबांना तासभर झोपवायचं, साडेतीनला निघायचं. मुरलीधरला वाटलं, ही पोरगी आपल्यापेक्षा फार शहाणी आहे, आणि हे वाटल्याबरोबर पुन्हा शरमही वाटली.

हॉलमध्ये दादा आपल्या खुर्चीत, शेजारच्या सोफ्यावर वहिनी नि आक्का, खाली सतरंजीवर आर्या. संग्राम डायनिंग टेबलापाशी हॉस्पिटलची फाईल लावत बसला. मुरलीधर दाराला टेकून उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

पहिल्या भागात तो दोनदा होता. एकदा दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडताना. तो आक्काला दिसला आणि दिसेपर्यंत गेलासुद्धा. दुसऱ्यांदा चहाच्या टपरीवर, दुसऱ्या एका म्हाताऱ्याशी बोलत. पुढं नायक-नायिका भांडत होती.

"थांब," दादा म्हणाला. "मागं घे."

आर्यानं मागं घेतलं. दादा खुर्चीतून पुढं वाकला. नायिकेच्या खांद्यावरून त्याची नजर टपरीवर खिळली होती.

"हा एकोणीसचा पाढा म्हणतोय."

कुणालाच काही कळलं नाही. मुरलीधरला खुलासा करावा लागला. मागच्या माणसांनी बोलल्यासारखं दाखवायचं, पण आवाज काढायचा नाही, कारण पुढच्यांचं बोलणं त्याच वेळी टिपलं जातं. मग जो तो काहीतरी पुटपुटतो. कुणी आलू-गोभी म्हणतो, कुणी जपजीचा पाठ म्हणतो. तो पाढे म्हणतो. लहानपणी शाळेच्या वाटेवर, पाटाच्या कडेनं, दादानं घोकून घेतलेले.

"आणि एकोणीस सत्तेला अजून अडखळतो," दादा म्हणाला. आणि हसला. गेले तीन महिने या घरात कुणी दादाला हसताना पाहिलं नव्हतं. वहिनींनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग दिराकडे, आणि पदरानं डोळ्यांच्या कडा टिपल्या. आक्का म्हणाली, म्हणजे बावीस वर्षं हा पंजाब्यांच्या सिनेमात मराठी पाढे म्हणतोय होय. संग्रामसुद्धा फाईल सोडून बघायला आला.

एरवी याच घटकेसाठी मुरलीधरनं काय वाटेल ते दिलं असतं. आता दादाचं प्रत्येक हसणं त्याला तिसऱ्या भागाकडे ढकलत होतं. दुसऱ्या भागात तो नुसता पाठमोरा, बँकेच्या रांगेत होता, तरी दादानं ओळखला. खांदा डावीकडं पडतो याचा, सायकलवरनं पडला होता, असं तो सगळ्यांना सांगू लागला.

दुसरा भाग संपला. आर्या पाणी आणायच्या निमित्तानं उठली, आणि पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं. दादाला आता झोपवा, वेळ झाली, असं मुरलीधर जरा जास्तच घाईनं म्हणाला. पण घरात एक माणूस असा होता, ज्याचा दिवस नेट-कॉम्प्युटरच्याच कामात जातो. नेट गेलंय होय, म्हणत संग्रामनं खिशातून मोबाईल काढला, त्याचं नेट टीव्हीला जोडलं, आणि मिनिटभरात तिसरा भाग सुरू झाला. बाबांना इतक्या दिवसांनी हसताना बघून त्याला चेव आला होता. आर्या तांब्या घेऊन दारातच थबकली. तिनं मुरलीधरकडं बघितलं. पुढं ढकलूया, हा भाग बोअर आहे, असंही तिनं म्हणून पाहिलं. दादानं हातानंच गप्प केलं. मधली पानं उलटून वाचायची त्याला सवय नव्हती.

सतराव्या मिनिटाला कोठीचं दार उघडलं.

आधी पणती दिसली. मग कॅमेरा हळूहळू वर चढला. चंदनाचा हार, ब्लेझर, मिशी. आणि तिथंच थांबला. नायिका हात जोडून फोटोशी बोलू लागली.

वहिनी उठल्या. पडद्याजवळ गेल्या, अगदी जवळ, जणू जवळून तो दुसराच कुणी निघेल. मग त्यांनी टीव्हीकडं पाठ केली, दारापाशी गेल्या, बॅग उचलली आणि आतल्या खोलीकडं चालू लागल्या.

"आई," संग्राम म्हणाला.

"आज नाही. पुढची तारीख घे."

"पुढची तारीख नाहीये, आई."

"मग नाही तर नाही. मी कपाळ पुसलेलं बघितलंय आत्ता माझं. यांना घराबाहेर काढणार नाही मी."

आक्का लगेच त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पुण्याला नेऊ, ती म्हणाली, मी आल्या दिवसापासून सांगतेय. संग्रामला तिच्यावर ओरडता येईना, आईवर ओरडता येईना. तो काकाकडे वळला.

"काका, फोटो तुम्ही दिलात?"

मुरलीधरनं मान हलवली. का दिला, हे संग्रामनं विचारलं नाही, तरी मुरलीधर सांगू लागला. की त्यांनी मागितला. की तेव्हा आजार नव्हता. की पुढच्या वेळी एक वाक्य देणार होते. शेवटचं बोलताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की ते बहुतेक कुणाला ऐकू आलं नाही. आर्या उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हे सगळं खोटं असतं, फोटोशॉप असतं, असं ती आजीला समजावू लागली. वहिनींचा हात बॅगच्या पट्ट्यावरून सुटेना.

आणि या सगळ्यात दादा काय करतो आहे, ते कुणी बघितलंच नव्हतं. तो टीव्हीकडं बघत होता. रिमोट त्यानं स्वतःच घेतला होता. मागं घेत होता, थांबवत होता, पुन्हा मागं घेत होता. आपल्या फोटोकडं त्याचं लक्ष नव्हतं. फोटोच्या उजव्या हाताला, पांढऱ्या कुडत्यात, हात जोडून मुरलीधर उभा होता. पणतीचा उजेड तोंडावर. बावीस वर्षांत कॅमेरा त्याच्या इतका जवळ कधी आला नव्हता. ओठ हलत होते.

"मुरल्या," दादा म्हणाला. "हा पाढा नाही."

मुरलीधरनं पडद्यावरच्या आपल्या ओठांकडं बघितलं. शूटिंगच्या वेळी दिग्दर्शकाला वाटलं होतं म्हातारा जप करतोय. अंकलजी, ऐसे ही होंठ हिलाते रहो, म्हणत त्यानं त्याला ओढून फोटोशेजारी उभं केलं होतं. तेव्हा त्याच्या स्वप्नातही नव्हतं, की ते ओठ कुणी वाचील.

"पाढाच आहे," तो म्हणाला.

"माझ्याशी खोटं बोलू नको. शोभना, इकडं ये. आक्के, तूपण." दादाचा आवाज कवायतीच्या मैदानावरचा झाला होता, पण रिमोट त्यानं दोन्ही हातांनी घट्ट छातीशी धरला होता, आणि तेव्हा मुरलीधरला कळलं की गेले तीन महिने दादा भ्यालेला आहे, आणि कुणाला दिसू दिलं नाही. "मला दिसतंय हा काय म्हणतोय ते. तुम्हाला दिसत नाही. मुरल्या, मोठ्यानं म्हण."

"दादा, नको."

"म्हण."

मुरलीधरनं भिंतीला हात टेकवला. नोव्हेंबरात त्या कोठीत फोटो बघताच पाढा आठवेना, ओठ तर हलवायचे होते. तेव्हा घरी या क्षणी जे चाललं असेल, तेच तो म्हणू लागला होता.

"दादा घरी आहे," तो म्हणाला. "पेपर वाचतोय."

त्याला वाटलं, आपण म्हटलं ते फारच साधं झालं.

"किती वेळा म्हणालास?" दादानं विचारलं.

"सगळा वेळ. सात वेळा घेतला त्यांनी तो शॉट. सातही वेळा."

वहिनी बॅग घेऊन तशाच उभ्या होत्या. पडद्यावरच्या दिराच्या ओठांकडं त्या बघत राहिल्या. दादानं दृश्य पुन्हा सुरू केलं होतं, आवाज बंद करून.

"भावजी, परत म्हणा," त्या म्हणाल्या.

तो परत म्हणाला. या वेळी आवाज फाटला, पण थांबला नाही. दादा घरी आहे, पेपर वाचतोय. पडद्यावरचे ओठ आणि त्याचा आवाज, दोन्ही एका वेळी पडले. आक्का डोळ्यांना पदर लावून खाली बसली. बस झालं पुणं, ती स्वतःशीच म्हणाली.

दादा खुर्चीत मागं रेलला. शेजारच्या स्टुलावर रविवारचा पेपर घडी न मोडता पडला होता. सकाळपासून त्याला कुणी हात लावला नव्हता. दादानं तो उचलला, उघडला आणि तोंडासमोर धरला. चष्मा टेबलावरच होता. पेपर उलटा नव्हता, पण तो वाचतही नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. पानाच्या वरच्या कडा हलत होत्या.

वहिनी त्याच्याकडं किती तरी वेळ बघत राहिल्या. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. संग्राम तोंड उघडणार, तर आर्यानं त्याचा दंड धरला.

मग वहिनींनी बॅग दारापाशी नेऊन ठेवली. टेबलावरचा चष्मा घेतला, पदरानं पुसला आणि पेपराच्या वरून दादाच्या हातात दिला.

"साडेतीनला निघायचं," त्या म्हणाल्या. "तोवर वाचा."

नंतर त्या मुरलीधरकडं वळल्या. त्याला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. फोटोचं त्या विसरल्या नव्हत्या, विसरणारही नव्हत्या. ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"उद्या हे आत असतील तोवर तुम्ही बाहेर बसायचं. आणि हेच म्हणायचं. किती तास लागले तरी. जमेल?"

"जमेल," मुरलीधर म्हणाला, आणि लगेच त्याला शंका आली, की चार तास लागले तर जमेल का.

दारातून बाहेर पडता पडता वहिनी थांबल्या. संग्रामला म्हणाल्या, पेपरवाल्याला फोन कर. बंद करू नको म्हणावं. रोज टाकत जा.